मूत्राशयाचा कॅन्सर परत येईल का? आप्पांचे उपचार आणि मार्करच्या तपासण्या, आमचा अनुभव

आप्पांच्या बीसीजीची, म्हणजे मूत्राशयात सोडायच्या औषधाची, शेवटची मात्रा मार्च २०२५ मध्ये झाली. आप्पांना, माझ्या वडिलांना, मूत्राशयाचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा कॅन्सर आहे हे डिसेंबर २०२१ मध्ये कळलं होतं. तेव्हा मी मराठीत बरंच शोधलं. ‘लघवीतून रक्त गेल्यास डॉक्टरांना दाखवा’ याच्या पुढचं काही हाती लागलं नाही. गाठ काढल्यावर पेशींच्या ज्या मार्कर तपासण्या (पेशींतल्या ठरावीक प्रथिनांच्या खुणा बघणाऱ्या) सांगतात त्या कशासाठी असतात, त्यांना किती पैसे लागतात, रिपोर्टमधल्या टक्क्यांना किती घाबरायचं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. आमच्या बाबतीत जे घडलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं तेवढंच इथे आहे.

आम्ही इचलकरंजीचे. आप्पांची उमेदीची सगळी वर्षं प्रोसेसमध्ये, कापड रंगवण्याच्या खात्यात गेली. दिवसभर रंगाच्या टाकीपाशी उभं राहायचं, हात कोपरापर्यंत निळे-लाल. सोबत बिडी. २०२१ची दिवाळी झाली आणि त्यांना लघवी लालसर व्हायला लागली. दुखत काहीच नव्हतं, तापही नव्हता. दोन दिवसांनी आपोआप थांबलं. आईनं उष्णता झाली असेल म्हणून धन्या-जिऱ्याचं पाणी सुरू केलं होतं. आप्पांचं म्हणणं, “दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग दवाखाना कशाला?” आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र ऐकलं नाही. साठीच्या पुढच्या माणसाला न दुखता रक्त गेलं, एकदाच का असेना, तर सोनोग्राफी केल्याशिवाय मी सोडत नाही, असं ते म्हणाले. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये रक्त असंच येतं आणि थांबतं. थांबलं म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच महिने जातात.

सोनोग्राफीत डाव्या भिंतीवर २.६ सेंटीमीटरची गाठ दिसली. मग क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघून सीटी स्कॅन. औषध टोचून सीटी करायचा असेल तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट लागतोच, तो आधी करून घ्या म्हणजे तिथून परत यावं लागत नाही. किडन्या आणि मूत्रनलिका साफ होत्या. मिरजेच्या यूरोसर्जननी पहिल्याच भेटीत विचारलं, “काम काय करत होता?” रंगखातं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना हा आजार होतो हे लुडविग रेन नावाच्या जर्मन सर्जननी १८९५ मध्येच दाखवून दिलं होतं, आणि बिडी-सिगारेट हे तर याचं सगळ्यात मोठं कारण, असं त्यांनी सांगितलं. आप्पांनी बिडीचं बंडल त्याच संध्याकाळी आईकडे दिलं. परत मागितलं नाही.

पहिलं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. आमचं रेशनकार्ड केशरी. हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून जे बसतात त्यांच्याकडे आधी जायचं. रेशनकार्ड, आधार, सोनोग्राफी आणि सीटीचे रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी एवढं लागलं. आप्पांचं नाव रेशनकार्डावर एका तऱ्हेनं आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं, त्यावरून अडलं. दादानं धावपळ करून दुरुस्ती करून आणली. मंजुरी यायला आठवड्याच्या आत वेळ गेला, पण ती दुरुस्ती आधी झाली असती तर तेवढाही गेला नसता. घरात सगळे धडधाकट असतानाच ही दोन कार्डं एकदा शेजारी ठेवून बघा. आमच्या वेळी वर्षाला कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा होती, आता ती पाच लाख आहे.

१३ डिसेंबरला टीयूआरबीटी झाली. म्हणजे पोट न फाडता, लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात. कमरेत भूल, मग नळी आणि सतत पाण्याचा प्रवाह. पहिल्या दिवशी पिशवीत लाल पाणी बघून आईला घेरी आली होती. ते तसंच असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग निवळतं. त्याच संध्याकाळी नळीतून मायटोमायसिन नावाचं जांभळट निळं औषध आत सोडलं. ऑपरेशनच्या वेळी सुटलेल्या पेशी पुन्हा भिंतीला चिकटू नयेत म्हणून.

दहा दिवसांनी बायोप्सीचा रिपोर्ट आला आणि आमची खरी गोष्ट इथून सुरू झाली. मी पुण्याहून गेले होते. रिपोर्टात तीन गोष्टी होत्या. एक, पेशी ‘हाय ग्रेड’, म्हणजे आक्रमक. दोन, ‘टी-वन’. मूत्राशयाच्या भिंतीचा सगळ्यात आतला थर ओलांडून गाठ खालच्या थरात शिरलेली, त्याखाली स्नायूचा थर. पण पाठवलेल्या तुकड्यांत स्नायू आलेलाच नव्हता, त्यामुळे गाठ स्नायूत गेली की नाही हे सांगता येत नव्हतं. तीन, गाठीशेजारच्या सपाट भागात संशयास्पद पेशी. ‘सीआयएस’ असू शकेल, मार्करच्या तपासण्या करून खात्री करावी, अशी शेवटी ओळ.

सीआयएस म्हणजे कार्सिनोमा इन सिटू. तो गाठीसारखा वर येत नाही, आतल्या थरात सपाट पसरतो, दुर्बिणीतून नुसता लालसर डाग दिसतो, कधी तेवढाही नाही. पण पेशी हाय ग्रेडच असतात. तो आहे की नाही यावर पुढचं बरंच अवलंबून होतं. डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन तर करावंच लागेल. टी-वन असेल तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा खरवडून बघतात, पहिल्या वेळी गाठ थोडी उरलेली असते असं बरेचदा निघतं. तोवर मार्कर करून घ्या.

त्यासाठी ‘ब्लॉक’ लागतो हे मला माहीत नव्हतं. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमधून मेणात बसवून ठेवतात. बोटाच्या पेराहून थोडी मोठी प्लास्टिकची कॅसेट, तिच्यावर पांढरं मेण, मेणात तपकिरी ठिपक्यासारखे तुकडे आणि कडेला नंबर. यातूनच केसाहून बारीक काप घेऊन स्लाइड बनवतात. नवी तपासणी करायची तर पेशंटला पुन्हा काही करावं लागत नाही, या ब्लॉकमधूनच नवा काप घेतात. तो पेशंटला मागून घेता येतो. आमच्याकडून आप्पांच्या सहीचा अर्ज, माझ्या नावाचं अधिकारपत्र, दोघांच्या आधारची झेरॉक्स आणि ‘काम झाल्यावर परत करू’ असं लिहून घेतलं. आप्पांचे चार ब्लॉक होते. गाठीचा कोणता आणि त्या सपाट भागाचा कोणता, हे लॅबमधून लिहून घ्या. कॅसेटवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच उभं राहून ताडून बघा. मेण उन्हात मऊ होतं, म्हणून बंद गाडीत ठेवायचं नाही. मी ते कापसात गुंडाळून डब्यात घालून पुण्याला आणले.

पुण्यात ज्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले त्यांचा मोठा आधार झाला. चार मार्कर सांगितले : सीके-२०, पी-५३, सीडी-४४ आणि केआय-६७. चारींचे मिळून ७,२०० रुपये. योजनेत हे बसलं नाही, रोख भरले. आठ दिवस लागले. रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा मी चाचरत विचारलं की मला समजेल असं काही दाखवता येईल का. त्यांच्याकडे दोघांनी एकाच वेळी बघायचा सूक्ष्मदर्शक होता. मला समोर बसवलं.

आधी त्यांनी आप्पांच्याच मूत्राशयाचा निरोगी भाग लावला. निळसर पेशींचे थर, आणि अगदी वरच्या कडेला तपकिरी रेघ. “हे सीके-२०. चांगल्या अस्तरात ते फक्त वरच्या पेशींत असतं. आता हे बघा.” काच सरकवली. वरपासून खालपर्यंत सगळा थर तपकिरी. मग सीडी-४४. निरोगी भागात खालच्या पेशी रंगलेल्या, संशयाच्या भागात रंग जवळजवळ नाहीच. मॅडम म्हणाल्या, नुसती सूज असती तर हे उलट वाढलं असतं. पी-५३ मध्ये एकेक केंद्रक गडद तपकिरी. पी-५३ हे पेशीला आवर घालणारं प्रथिन, त्याचं जनुक १७ व्या गुणसूत्रावर असतं. ते बिघडलं की बिघडलेलं प्रथिन साचत जातं आणि असं दिसतं. “सूज नाही ही. सीआयएस आहे,” त्या म्हणाल्या. वाईट बातमी होती, पण डोळ्यांनी बघितल्यामुळे मला ती कुणी लादलेली वाटली नाही.

रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं, केआय-६७ : ४० टक्के. त्या रात्री मी झोपले नाही. फोनवर जे सापडलं त्यात कुठे २० टक्क्यांच्या वर वाईट, कुठे १५ च्या वर वाईट. ४० म्हणजे संपलंच, असं वाटत होतं. दादाला फोन केला तर तो म्हणाला, “म्हणजे परत यायची शक्यता ४० टक्के, न यायची ६०. मग बरं हाय की.”

दोघांचंही चुकत होतं, हे दुसऱ्या दिवशी पुण्याच्या यूरोऑन्कॉलॉजिस्टनी, म्हणजे मूत्रमार्गाच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी, नीट समजावलं. हे मी जरा सावकाश लिहिते, कारण आमच्यासारखे बरेच जण याच जागी अडकतात. केआय-६७ हे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींतच सापडणारं प्रथिन. ४० टक्के म्हणजे मोजलेल्या शंभर पेशींतल्या ४० त्या घटकेला वाढीच्या चक्रात होत्या. गाठ परत येण्याची ती टक्केवारी नव्हे. मी दादाला नंतर सांगितलं, शेडमधले किती माग आत्ता चालू आहेत ते हा आकडा सांगतो, वर्षाअखेरीला किती कापड निघेल ते नाही. केआय-६७ जास्त असलेल्या गाठी परत येण्याकडे आणि पुढे सरकण्याकडे झुकतात असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण मोजणारा बदलला, गाठीचा भाग बदलला की आकडा बदलतो, आणि किती टक्क्यांच्या पुढे धोका धरायचा यावर एकमत नाही. म्हणून उपचार ठरवण्याच्या तक्त्यांत तो घेतलेला नाही.

मग तक्त्यांत काय असतं? डॉक्टरांनी एक कागद काढून दाखवला. युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर संशोधन संस्थेनं २,५९६ पेशंटांच्या माहितीवरून २००६ मध्ये केलेला तक्ता. त्यात सहा गोष्टींना गुण आहेत : गाठी किती, तीन सेंटीमीटरपेक्षा मोठी आहे का, आधी कितीदा आली होती, किती खोल, सीआयएस आहे का, ग्रेड कोणती. बेरीज करून एका वर्षात परत येण्याची शक्यता १५ ते ६१ टक्के, पाच वर्षांत ३१ ते ७८. दुसरा रकाना स्नायूत उतरण्याचा, पाच वर्षांत ०.८ ते ४५. डॉक्टरांनी लगेच हेही सांगितलं की त्या पेशंटांपैकी फारच थोड्यांना बीसीजी मिळालं होतं आणि दुसऱ्यांदा खरवडणंही तेव्हा सर्रास होत नव्हतं, त्यामुळे आजच्या उपचारांत हे आकडे जास्तच भीतीदायक वाटतात.

मी विचारलं, मग ७,२०० रुपयांचं काय झालं? ते म्हणाले, “सीआयएस सिद्ध झाला ना. तक्त्यात स्नायूत उतरण्याच्या रकान्यात सगळ्यात जड गुण त्याला आहेत. मार्करनी भविष्य सांगितलं नाही, पण तुम्हाला बरोबर ओळीत उभं केलं.” टी-वन, हाय ग्रेड, सोबत सीआयएस, म्हणजे जास्त धोक्याचा गट. वय ६६, गाठ एकच आणि तीन सेंटीमीटरच्या आत, म्हणून अतिजोखमीच्या गटात मात्र नाही. त्या गटात असते तर मूत्राशय काढून टाकण्याचाच सल्ला पहिला आला असता. आमच्यापुढेही तो पर्याय त्यांनी मांडला, घाई न करता. आप्पांनी बीसीजी निवडलं.

एक गोष्ट त्यांनी बोलता बोलता सांगितली ती मला फार उपयोगी वाटली. मूत्राशयाच्या गाठींच्या ढोबळ दोन वाटा आहेत. लो ग्रेड, म्हणजे कमी आक्रमक, गाठींत बरेचदा एफजीएफआर-३ या जनुकात बदल असतो. त्या पुन्हा पुन्हा येतात, पण सहसा खोल जात नाहीत. हाय ग्रेड आणि सीआयएसच्या वाटेवर पी-५३ बिघडलेलं आढळतं, आणि ती वाट खोल जाणारी. ‘परत येणं’ आणि ‘पुढे सरकणं’ ही दोन वेगळी भयं आहेत. डॉक्टरांशी बोलताना आपण कुठल्याबद्दल विचारतोय ते स्पष्ट विचारा.

२४ जानेवारी २०२२ ला पुण्यात दुसरी टीयूआरबीटी. त्या हॉस्पिटलात योजना नव्हती, ८५ हजार झाले. जुन्या जागी थोडी हाय ग्रेड गाठ उरलेली होती, पण या वेळी स्नायू आला होता आणि तो स्वच्छ होता. त्या संध्याकाळी आम्ही सगळे पहिल्यांदा पोटभर जेवलो.

फेब्रुवारीअखेर बीसीजी सुरू झालं. बाळांना क्षयाची लस देतात तीच बीसीजी, पण वेगळ्या मात्रेत आणि थेट मूत्राशयात सोडतात. १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस या डॉक्टरांनी पहिले निकाल मांडले, तेव्हापासून हा उपचार टिकून आहे. जंतूंना बघून शरीराची स्वतःची फौज मूत्राशयाच्या अस्तरात जमते आणि कॅन्सरच्या पेशीही मारते. गल्लीत मात्र “आप्पांना टीबी झालाय म्हणे” अशी चर्चा झाली. आईला वाईट वाटलं. मी शेजारच्या काकूंना बसवून सगळं सांगितलं.

मात्रा दर आठवड्याला एक, अशा सहा. मिरजेला देत, औषध मी पुण्याहून न्यायची. थर्माकोलच्या डब्यात आइसपॅक, मध्ये जाड कापड, कारण ते गोठायला नको आणि आठ अंशांच्या वर जायलाही नको. एका व्हायलला हजाराच्या आतबाहेर, आम्हाला प्रत्येक वेळी दोन लागत. आदल्या दिवशी लघवीची साधी तपासणी. इन्फेक्शन किंवा रक्त दिसलं तर मात्रा पुढे ढकलतात, ते ढकलणंच योग्य असतं. त्या सकाळी पाणी कमी प्यायचं, औषध आत गेल्यावर दोन तास लघवी धरायची. नंतरचे सहा तास बसूनच लघवी करायची आणि दर वेळी संडासात ब्लीच टाकून पंधरा मिनिटांनी फ्लश. चौथ्या मात्रेपासून जळजळ आणि अर्ध्या तासाला लघवी. रात्री थोडा ताप यायचा, सकाळी उतरायचा. न उतरणारा किंवा थंडी वाजून येणारा ताप असेल तर लगेच फोन करा, हे डॉक्टरांनी कार्डावरच लिहून दिलं होतं.

जून २०२२ मध्ये पहिली तपासणी, दुर्बीण आणि लघवीची सायटॉलॉजी. सायटॉलॉजीत लघवीतून गळलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीच्या पॅप टेस्टवाल्या पापानिकोलाऊंनीच मार्शल यांच्यासोबत १९४५ मध्ये ही मांडली. सकाळची पहिली लघवी देऊ नका, रात्रभर साठून पेशी खराब झालेल्या असतात. दुसऱ्या वेळची ताजी द्यायची आणि दुर्बिणीच्या आधी द्यायची. दुर्बिणीत एक लाल डाग दिसला. सायटॉलॉजीत ‘अटिपिकल पेशी’, म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. बीसीजीमुळे आलेली सूज असू शकते किंवा सीआयएस.

इथे डॉक्टरांनी फिश ही तपासणी सांगितली, यूरोव्हायजन. लघवीतल्या पेशींच्या ३, ७ आणि १७ या गुणसूत्रांवर आणि नवव्याच्या ९पी२१ या जागेवर चार रंगांचे चमकणारे ठिपके चिकटवतात. निरोगी पेशीत प्रत्येक रंगाचे दोन. कॅन्सरच्या पेशीत तीन-चार तरी होतात, किंवा ९पी२१ चा सोनेरी ठिपका गायब होतो. गाठ परत आली का हे बघण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, २००१ मध्ये तिला मान्यता दिली आहे. ११ हजार रुपये. नमुना मुंबईला गेला. कलेक्शन सेंटरमधून खास द्रवाची बाटली आधीच आणावी लागते. साध्या डबीत दिलेला नमुना चालत नाही. रिपोर्टला नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत आप्पा माझ्याशी फोनवर फक्त पावसाबद्दल बोलले.

फिश निगेटिव्ह आली. तरीही डॉक्टरांनी त्या लाल डागाचा तुकडा घेतलाच. बायोप्सीत बीसीजीची सूज निघाली, कॅन्सर नाही. तपासणी पॉझिटिव्ह आली असती आणि दुर्बिणीत काही नसतं तर काय, असं मी विचारलं. बीसीजीनंतर फिश पॉझिटिव्ह राहणाऱ्यांत गाठ परत येण्याचा धोका जास्त दिसतो, म्हणून आणखी जागांचे तुकडे घेतले असते आणि जास्त बारकाईनं नजर ठेवली असती, असं उत्तर मिळालं.

यानंतर देखभालीच्या मात्रा : ३, ६, १२, १८, २४, ३० आणि ३६ व्या महिन्याला, प्रत्येक वेळी आठवड्याला एक अशा तीन. मधे दर तीन महिन्यांनी दुर्बीण. याच काळात एका ओळखीच्यांनी लघवीची एक झटपट कार्ड तपासणी सुचवली, एनएमपी-२२ या प्रथिनाची. पैसे कमी, निकाल तासाभरात, दुर्बीण नको. दुर्बिणीचा त्रास सोसणाऱ्या माणसाला हे ऐकून किती बरं वाटतं ते मी बघितलंय. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन, खडा किंवा नुकतंच घेतलेलं बीसीजी यांनीही ती पॉझिटिव्ह येते. आणि लघवीचा कुठलाही मार्कर स्वच्छ आला म्हणून दुर्बीण चुकवायची नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये ते अक्षरशः पटलं. सायटॉलॉजी निगेटिव्ह, सोबत पाठवलेली फिश निगेटिव्ह, आणि दुर्बिणीत उजव्या बाजूला चार मिलिमीटरची गाठ, समोरच्या पडद्यावर स्वच्छ दिसणारी. आप्पा टेबलावरून म्हणाले, “आलं का परत?” डॉक्टरांनी तुकडा घेऊन ती जागा जाळली. रिपोर्ट : टी-ए, म्हणजे फक्त आतल्या थरापुरती, आणि लो ग्रेड. लो ग्रेड पेशींची गुणसूत्रं फारशी बिघडलेली नसतात, म्हणून फिशच्या नजरेतून त्या सुटतात. सायटॉलॉजीचंही तेच. हाय ग्रेड पकडण्यात या दोन्ही तपासण्या चांगल्या, लो ग्रेडमध्ये कच्च्या. आणि लो ग्रेड गाठ आली म्हणजे बीसीजी फसलं असं धरत नाहीत, उपचार तसाच पुढे चालू. डिसेंबर २०२१ मध्ये ‘परत आलं’ हा शब्द ऐकला असता तर घर कोसळलं असतं. या वेळी आईनं आधी विचारलं, “ग्रेड कुठली?”

२०२४ मध्ये रक्तामुळे एक मात्रा पंधरा दिवस पुढे गेली, बाकी वर्ष शांत गेलं. सगळं मिळून योजनेबाहेर आमचे सव्वातीन लाखांच्या आसपास गेले. त्यातला मार्करचा वाटा लहान, मोठा खर्च दुसरं ऑपरेशन आणि वारंवारच्या दुर्बिणींचा. आता दर सहा महिन्यांनी दुर्बीण, पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत, मग वर्षाला एक. वर्षातून एकदा सीटी, कारण हेच अस्तर वर मूत्रनलिकेत आणि किडनीतही असतं.

कागदांबद्दल एवढं सांगते. प्रत्येक दुर्बिणीची नोंद तारखेनं लावा, कारण ‘आधी कितीदा आली’ हाही तक्त्यातला गुण आहे आणि नवे डॉक्टर तेच पहिलं विचारतात. ब्लॉक मी मिरजेच्या लॅबला परत केले आणि परत केल्याची पोच घेतली. ते किती वर्षं ठेवतात ते विचारा, आणि नष्ट करण्याआधी कळवा असा अर्ज देऊन ठेवा. मूत्राशयाचा कॅन्सर पसरलेल्या काही पेशंटांसाठी एफजीएफआर-३ च्या बदलावर चालणारं एर्डाफिटिनिब हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. अशा औषधाची वेळ आलीच तर पहिल्यांदा ब्लॉकच मागतात.

आप्पा हल्ली प्रोसेसमधल्या जुन्या सोबत्यांना गाठून लघवीची साधी तपासणी करायला लावतात, डोळ्यांना न दिसणारं रक्तही तिच्यात कळतं. शे-दोनशे रुपयांचं काम आहे. तुमच्या घरात कुणी रंग, रबर किंवा केमिकलच्या खात्यात वर्षं काढली असतील, बिडी-सिगारेट ओढत असतील, आणि एकदा जरी लाल लघवी झाली असेल, तर थांबलं म्हणून थांबू नका. काही विचारायचं असेल तर खाली लिहा. मला माहीत असेल ते सांगेन, नसेल ते आप्पांच्या पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारून कळवेन.